कुलूपबंद टाकीघर

१

सकाळी सहाला केरबानं टाकीघराचं कुलूप काढलं, दार ओढलं आणि तो उंबऱ्यावरच थबकला. त्याच्या अनवाणी पायांवरून पिवळट फेस सावकाश बाहेर येत होता.

संयोगिता चहाचा कप घेऊन वीस-पंचवीस पावलांवर अंगणात उभी होती. तिला आधी वास आला, आंबलेल्या पिठाचा आणि पिकून काळ्या पडलेल्या केळ्यांचा. केरबा ओरडला नाही. त्यानं आत डोकावून पाहिलं, कपाळाला हात लावला आणि तसाच फेसाळलेल्या पायांनी बंगल्याकडे पळत सुटला.

काल दुपारीच संयोगिता आणि तिचे यजमान जयराव जगदाळे इथं येऊन पोचले होते. लग्नाला चाळीस वर्षं झाली म्हणून मुलानं, पृथ्वीराजनं, पुण्याहून हे फिरतं घर आठवड्यासाठी ठरवून दिलं होतं. गाडीतच दोन बिछाने, ओटा, फ्रिज, एसी, सगळं. कडेगाव मागं टाकून पलूसच्या बाजूला द्राक्षांच्या मळ्यांतून हिंडायचं, वाईन कशी करतात ते बघायचं, असा सूनबाईनं आखलेला बेत. मलकापुरात मात्र शेजारणींना संयोगितानं औदुंबर आणि नरसोबाची वाडी सांगितली होती. साठी उलटलेल्या बाईनं वाईनच्या मळ्यात मुक्कामाला चाललेय हे कुठल्या तोंडानं सांगायचं? निघताना एकीनं प्रसादासाठी डबासुद्धा दिला होता, आणि तो घेताना तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

मळा मदन मगदूम यांचा. दोन पिढ्या बेदाणा करणारं हे जैन घर. मुलगी स्वप्नाली वाईनचं शिक्षण घेऊन परतली आणि पाच वर्षांपूर्वी बांधाच्या कडेला हे टाकीघर उभं राहिलं. चार नंबरच्या टाकीत तीन हजार लिटर पांढरी वाईन आंबत होती. बापाच्या नव्हे, स्वतःच्या नावानं स्वप्नाली काढणार होती अशी ती पहिलीच.

ही वाईन थंडाव्यात आंबवावी लागते, म्हणून टाकीला रात्रंदिवस गार ठेवणारं यंत्र जोडलेलं. ते यंत्र बंद पडलं होतं. सोळा अंशांवर असायचा काटा एकोणतीसवर गेला होता आणि टाकी वरून उतू गेली होती.

मदनराव आणि स्वप्नाली मिरजेला नातेवाइकांच्या साखरपुड्याला गेले होते, ते केरबाचा फोन आल्यावर सातपर्यंत धावत आले. स्वप्नालीनं टाकीच्या तोटीतून ग्लासभर काढून हुंगलं, आणि ग्लास तसाच जमिनीवर ठेवून ती बाहेर येऊन उभी राहिली. ती वाईन आता पिण्यासारखी होणार नव्हती, हे तिनं कोणाला सांगावं लागलं नाही.

कुलूप फोडलेलं नव्हतं. खिडक्यांना आतून जाळ्या. विजेचा फलक आतल्या भिंतीवर, आणि त्याच्यावरच्या टाकीघराच्या मुख्य खटक्याचा दांडा खाली आलेला. किल्ल्या दोनच. एक रात्रभर मिरजेत स्वप्नालीच्या पर्समध्ये होती. दुसरी केरबाच्या कमरेला.

मदनराव जयरावांपाशी आले. छत्तीस वर्षं पोलिसांत काढून फौजदार म्हणून निवृत्त झालेला माणूस अंगणात असताना ठाण्यात कशाला जायचं, असं त्यांना वाटलं. "साहेब, गावभर बोभाटा नको," ते म्हणाले. "तुमीच जरा बघा."

जयरावांनी मान हलवली आणि ते बूट घालायला गाडीकडे गेले. बूट घालायला त्यांना जरा वेळच लागला.

२

चौकशी शेडमध्ये झाली. जयराव खुर्चीवर, केरबा समोर जमिनीवर. बस खाली, असं त्यांनी म्हटलं आणि पन्नाशीचा तो माणूस मुकाट्यानं बसला. छाटणीला आलेले सहा गडी भोवती उभे.

जयरावांनी आधी त्याचं आडनाव विचारलं, मग मूळ गाव. गावाचं आणि वस्तीचं नाव ऐकल्यावर त्यांनी नुसतं "हं" केलं. त्या वस्तीवरची माणसं आपण ओळखतो, एवढंच त्या "हं"मध्ये होतं, पण ते सहाही गड्यांना पोचलं. केरबा अठरा वर्षं ह्या मळ्यावर होता, ते कोणी बोललं नाही.

दोन दिवसांपूर्वी पाइप नीट धुतला नाही म्हणून स्वप्नाली त्याला चार माणसांत बोलली होती, तेही निघालं. मग रात्री आत कोण गेलं, हा एकच प्रश्न जयरावांनी पाच तऱ्हांनी विचारला. केरबाचं उत्तर दर वेळी तेच.

"कुलूप म्या लावलं, म्याच काढलं. मदी कोन गेलं न्हाई. मीबी न्हाई."

"मग दांडा भुतानं खाली ओढला?"

गडी हसले. केरबानं मान वर करून जयरावांकडे एकवार पाहिलं. काहीतरी म्हणायचं होतं त्याला. पण नजर गाडीवरून, गाडीपासून बंगल्याकडे गेलेल्या काळ्या केबलवरून फिरली आणि तो गप्प बसला.

संयोगिता शेडच्या खांबाला टेकून उभी होती. हे तिला नवं नव्हतं. इस्लामपूरला असताना त्यांचं राहणं ठाण्याच्या मागंच होतं. भिंतीपलीकडून आवाज यायला लागले की ती मिक्सर लावायची. चटणी वाटायची नसली तरी लावायची. मुलाच्या कानावर जायला नको म्हणून, असं ती स्वतःला सांगत आली होती.

अर्ध्या तासात निकाल लागला. केरबानं दुपारपर्यंत खोली रिकामी करावी. मदनरावांना वाटलं तर तक्रार द्यावी. केरबा उठला, धोतर झटकलं आणि मळ्याच्या टोकाला असलेल्या आपल्या खोलीकडे निघाला.

चांगलं काम झालं, अशा थाटात जयराव तिच्याजवळ आले. दुपारी जेवण झालं की आपणही निघू, म्हणाले. मुक्काम तीन दिवसांचा ठरला होता.

एवढी घाई कशाची? संयोगिता त्यांच्या पाठमोऱ्या आकृतीकडे बघत राहिली.

३

स्वप्नाली टाकीघराच्या मागल्या ओट्यावर एकटी बसली होती. संयोगिता तिच्याशेजारी जाऊन बसली. समजूत काढायला म्हणून गेली होती, पण पोरगीच बोलायला लागली.

टाकीचे आकडे तिला फोनवर दिसायचे. काल संध्याकाळी सात वाजून बारा मिनिटांनंतर एकही आकडा आलेला नव्हता. "साखरपुड्याच्या गडबडीत मी पाहिलं," ती म्हणाली, "आणि रेंज नसेल म्हणून फोन ठेवून दिला. त्याच वेळी केरबाकाकांना फोन केला असता तर टाकी वाचली असती."

तिचा आवाज एकदम खाली आला. केरबाकाकांनी हे केलं असेल असं तिला वाटत नव्हतं. मग काल मिरजेला न जाता घरी राहिलेलं माणूस एकच होतं, तिची आई गुणमालाबाई. आईनं मदिरेच्या धंद्याला पहिल्या दिवसापासून विरोध केला होता. पाच वर्षांत गुणमालाबाईंनी टाकीघराचा उंबरा ओलांडला नव्हता आणि मुलीशीही त्या कामापुरतंच बोलत. पर्समधली किल्ली मध्ये पंधरा दिवस घरच्या खुंटीला होती. तिच्यावरून दुसरी करून घ्यायला काय लागतं? हा विचार सकाळपासून तिच्या डोक्यात होता, आणि म्हणूनच केरबाला बसवलं तेव्हा ती मधे पडली नव्हती. बोलली असती तर बोट आईकडे वळलं असतं.

"आपल्याच आईवर असा संशय घेते मी," ती म्हणाली. 

 संयोगितानं विचारलं, सकाळी यंत्र परत चालू कोणी केलं?

स्वप्नालीनंच केलं होतं. खटका वर ढकलला तर तो राहीना, परत खाली यायचा. तेव्हा तिच्या लक्षात आलं की दांडा पूर्ण खाली नव्हताच, मधेच लोंबत होता. आधी तो खालपर्यंत दाबावा लागला, मग वर केल्यावर लागला.

हे मात्र संयोगिताच्या ओळखीचं होतं. मलकापूरच्या घरी पाण्याची मोटर आणि गिझर एकदम लावले की असंच व्हायचं. मोठा खटका आपोआप पडायचा आणि मधेच अडकून राहायचा. हातानं बंद केला तर तो सरळ खाली जातो आणि सरळ वर येतो.

म्हणजे टाकीघरात कोणी गेलंच नव्हतं. ना केरबा, ना आई. खटका भार न सोसून आपला आपण पडला होता.

पण रोज तीच यंत्रं आणि तेच दिवे. मग कालच सात बाराला हा जास्तीचा भार आला कुठून?

४

गुणमालाबाई व्हरांड्यात गहू निवडत होत्या. संयोगितानं सूप मागून घेतलं आणि तीही निवडायला लागली. सकाळपासून घरातल्या बायकांना कोणी काही विचारलेलं नव्हतं.

गुणमालाबाईंनीच विचारलं, केरबा गेला का?

आवरतोय, संयोगितानं सांगितलं. मग खटक्याचंही सांगितलं. गुणमालाबाईंचे हात थांबले.

"त्यानं न्हाई केलं," गुणमालाबाई म्हणाल्या. "दिवस मावळायच्या आत जेवून मी इथंच बसले होते. समोर दार दिसतंय बघा. दिव्याच्या उजेडात कुत्रंबी फिरकलं असतं तर मला दिसलं असतं."

"मग सकाळी का नाही बोललात?"

त्या खालच्या मानेनंच बोलायला लागल्या. पाच वर्षं त्या यंत्राची घरघर त्यांच्या कानात होती. जप करताना, झोपताना, सणावारी. काल सातच्या सुमाराला ती एकाएकी थांबली. काहीतरी बिघडलंय हे त्यांना कळलं होतं. केरबाची खोली हाकेच्या अंतरावर होती. पण त्या उठल्या नाहीत. नासू दे एकदाचं, असं मनात आलं. कान निवल्यासारखे वाटले आणि त्या जपाला बसल्या.

"सकाळी पोरीचं तोंड बघितलं, तवापासून घशाखाली पाणी उतरलेलं न्हाई," त्या म्हणाल्या. "दारात कोण आलं न्हाई म्हटलं, की यंत्र थांबल्याचंबी सांगावं लागलं असतं."

 त्या बाईचं ओझं कमी व्हावं म्हणून संयोगिता म्हणाली, तुम्हाला तरी काय कळणार, काल त्याच वेळी लाईट गेली होती ना.

गुणमालाबाईंनी मान वर केली. "लाईट? काल लाईट गेलीच न्हाई की. ह्या व्हरांड्यात धापर्यंत दिवा होता."

संयोगिताच्या हातातलं सूप मांडीवर टेकलं.

काल संध्याकाळी ती गाडीत पिठलं करत होती. एसी चालू होता, विजेची शेगडी चालू होती आणि पुण्याहून सूनबाईचा फोन आला होता. बोलता बोलता एसी आणि शेगडी दोन्ही बंद पडली. अगं, लाईट गेली बघ, असं ती सूनबाईला म्हणाली होती. जयराव म्हणाले होते, खेड्यातली वीज, असंच चालायचं. उरलेलं पिठलं तिनं लहान गॅसवर केलं. रात्रभर त्यांनी खिडक्या उघड्या टाकल्या.

तिनं फोन काढून पाहिला. सूनबाईचा फोन सात नऊला आला होता आणि चार मिनिटं चालला होता.

५

गाडीमागं जाऊन तिनं केबल हातात घेतली. आता ती जास्तीची वायर जोडून बंगल्याच्या भिंतीपर्यंत नेलेली होती. बंगला काळ्या दगडाचा. पण केबलच्या टोकाच्या चार हातांवर पांढरा चुना लागलेला होता, बोटांना येईल इतका ताजा. मळ्यात चुना नुकताच एकाच भिंतीला लावला होता. टाकीघराच्या मागल्या भिंतीला. त्या भिंतीवर एक विजेच्या जोडणीचा डबा होता, आणि डब्याखालच्या चुन्यावर केबल घासल्याचा लांब ओरखडा.

मदनरावांनी काल गाडी बंगल्याजवळ लावायला सांगितली होती. जयरावांनी ती सावलीसाठी टाकीघरामागच्या लिंबाखाली लावली होती.

ते गाडीत बॅग भरत होते. संयोगितानं दार लावून घेतलं आणि चुन्यानं माखलेला हात त्यांच्यापुढं धरला.

त्यांनी हाताकडे पाहिलं आणि ते बिछान्यावर बसले.  मग तुटक तुटक बोलले. बंगल्यापर्यंत केबल पुरत नव्हती, जास्तीची वायर शोधायचा कंटाळा आला, म्हणून जवळच्या डब्याला जोडली. एवढ्यानं काही होईल असं वाटलं नव्हतं. रात्री खरंच लाईट गेली असंच समजलो. सकाळी खटका पडलेला पाहिला तेव्हा समजलं. बूट घालायला आलो, तेव्हा केबल काढून तिकडं लावली.

"डब्याचं तुम्हाला कोणी सांगितलं नव्हतं?"

ते खिडकीबाहेर बघायला लागले.

"अहो, मी विचारतेय."

"केरबानं सांगितलं होतं," जयराव म्हणाले. "संध्याकाळी. तो डबा टाकीघराचा आहे, जड काही लावू नका म्हणून. मी त्याला म्हटलं, तुझं काम कर."

संयोगिता उभीच होती. तिला वाटलं होतं त्यापेक्षा हे फार खाली गेलं होतं. सगळ्या मळ्यात एकट्या केरबाला खरं काय ते कळण्यासारखं होतं, आणि म्हणूनच पहिल्यांदा त्याला जमिनीवर बसवलं गेलं. त्याच्या तोंडून काही निघायच्या आत त्याची वस्ती निघाली होती. त्यानंतर तो काहीही बोलला असता तरी ऐकणार कोण होतं?

जयरावांचा चेहरा राखेसारखा झाला होता. त्यांनी तिला समजावून बघितलं. नुकसानीची भरपाई पृथ्वीराजच्या हातून गुपचूप पाठवू. केरबाला कऱ्हाडला कुठंतरी कामाला लावू. सगळं करू, फक्त इथं आता काही बोलायला नको. छत्तीस वर्षांचं नाव आहे.

"शेगडी मी लावली होती," संयोगिता म्हणाली. "तुम्ही त्याला बसवलंत तेव्हा मी खांबाला टेकून उभी होते. इस्लामपूरलाही मी असंच करायची. तुमचं नाव सांभाळण्यात माझाही वाटा आहे, तेव्हा ते मीही मोडू शकते."

ती दार उघडून खाली उतरली.

६

व्हरांड्यात मदनराव, स्वप्नाली आणि गुणमालाबाई तिघंही होती. संयोगितानं आडपडदा न ठेवता सांगायला सुरुवात केली. चार नंबरची टाकी आमच्या गाडीनं बंद पाडली. दांडा मधे लोंबत होता, म्हणजे तो कोणी ओढला नव्हता. सात बाराला तुमचे आकडे थांबले, त्याच मिनिटाला माझी शेगडी विझली, आणि बंगल्यात मात्र दिवा जळत होता. म्हणजे गेली ती गावाची वीज नव्हती. केबल मागल्या डब्यात होती; तिला चुना लागला आहे.

इथपर्यंत तिचा आवाज ठीक होता. पुढं केबल सकाळी हलवली, हे सांगायचं होतं. नवऱ्याचं नाव जिभेवर आलं आणि अडलं.

"ती मी हलवली," मागून जयराव म्हणाले. ते पायरीशी येऊन उभे होते. "केरबानं मला आदल्या दिवशी बजावलं होतं. तेही खरं आहे."

मदनरावांना कुठं बघावं ते कळेना. घरी आलेल्या वडीलधाऱ्या पाहुण्याला काय बोलायचं? स्वप्नालीनं मात्र जयरावांकडे पाहिलंच नाही. ती आईकडे वळली होती. मी तुझ्यावर संशय घेतला, एवढंच ती कसंबसं म्हणाली. गुणमालाबाईंनी तिचा हात धरला. "घेतलास ते अगदीच खोटं न्हाई," त्या म्हणाल्या, आणि घरघर थांबल्याचं त्यांनी मुलीला सांगितलं. पोरगी पांढरीफटक पडली. पण तिनं हात सोडवून घेतला नाही.

केरबाला बोलावणं पाठवलं. तो आला, उभ्यानंच सगळं ऐकून घेतलं. मदनरावांनी त्याची माफी मागितली, राहा म्हणून विनवलं. केबल बघितली होतीस ना सकाळी, मग बोलला का नाहीस, असंही विचारलं.

"बोलून काय करणार, मालक? त्यांनी वस्तीचं नाव काढलं, तवाच समदं झालं." केरबा जयरावांकडे वळला. "मला कळलं, साहेब. पर माजी बायकू तिकडं भांडी बांधाय लागलीया. गडी म्हंत्यात म्हणून तिला वाटतंय, मीच केलं आसंल. तिला तुमी सांगा. माज्या तोंडून नगं."

मळ्याच्या टोकापर्यंतची वाट लांबच होती. जयराव पुढं, संयोगिता त्यांच्या बरोबरीनं. छाटणी थांबवून गडी बघत होते. एकदा जयरावांचं पाऊल अडखळलं. तिला वाटलं, मागं फिरतील. ते फिरले नाहीत.

केरबाची बायको, बनुबाई, दारात पोत्यात भांडी घालत होती. जयरावांनी तिला तीन-चार वाक्यांत सांगितलं. तुझ्या नवऱ्यानं काही केलेलं नाही. चूक माझी. मला सकाळीच कळलं होतं, तरी मी त्याच्यावर घातलं.

बनुबाईनं हातातला तांब्या खाली ठेवला.

"चुकून झालं त्ये झालं," ती म्हणाली. "आमच्या हातनंबी व्हतं. पर सकाळी कळल्यावर तुमी गप का बसला, साहेब?"

 आयुष्यभर प्रश्न विचारलेला माणूस उत्तर शोधत राहिला.

"लाज वाटली," शेवटी ते म्हणाले.

"मग ती आमाला द्यायची व्हय?"

 उत्तराची तिला गरज नव्हती. ती पोत्याशी खाली बसली आणि भरलेली भांडी एकेक करून परत बाहेर काढायला लागली. संयोगिता पुढं झाली, तिच्यासमोर बसली आणि पोत्याचं तोंड धरून राहिली. बनुबाईनं तिला नको म्हटलं नाही, आणि तिच्याकडे पाहिलंही नाही. जयराव तिथंच उन्हात उभे होते. जायला त्यांना कोणी सांगितलं नव्हतं, आणि थांबायलाही नाही.